टिलीचा फेरा

१

सकाळी साडेसातला लोरेटा हाइन्स घराबाहेर पडायची. रबरी बूट, नवऱ्याचं जुनं जाकीट, खिशात पक्कड आणि पितळी तारेचं वेटोळं. घरामागची लाकडांची खोप ओलांडली की रान सुरू. फरची ठेंगणी, एकमेकांत घुसलेली झाडं, पायाखाली घोटाभर शेवाळ, आणि सशांनी पळून पळून त्या शेवाळात पाडलेल्या अरुंद वाटा. त्या वाटांवर तिचे बारा फास लावलेले असायचे.

शेहेचाळिसाव्या वर्षी बाई शिकार शिकते याचं गुल आर्म गावच्या लोकांना नवल वाटलं नाही. इतक्या उशिरा का, एवढंच त्यांनी विचारलं. न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर फ्रीजरमध्ये ससे नसलेलं घर म्हणजे मीठ नसलेलं घर. पण लोरेटाची वीस वर्षं मासळीच्या कारखान्यात गेली. कारखाना बंद पडला, मुलगी शिकायला शहरात गेली आणि नवरा वॉरन पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात, तेलाच्या कामावर. वीस दिवस तिकडे, आठ दिवस घरी. रिकाम्या घरात भिंती बघून कंटाळली तेव्हा ती शेजारी गेली आणि हेडलीकाकांना म्हणाली, मला सशाची शिकार शिकवा.

हेडली राइडआउट अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. सांधे धरल्यामुळे बोटं वाकडी झाली होती, तार वळवणं जमत नव्हतं. सोबतीला टिली नावाची एक बीगल कुत्री, काळी-पांढरी, तांबूस कानांची. जेवताना काका अर्धं बोलणं तिच्याशीच बोलत.

त्यांनी मन लावून शिकवलं. फास जमिनीपासून चार बोटं उंच. तोंड मुठीएवढं, त्याहून मोठं नाही. मोठ्या तोंडात नको ते अडकतं. झाडाला लाल फीत बांधायची, म्हणजे फास विसरत नाही. आणि रोज सकाळी बघून यायचं, पाऊस असो की घरी पाहुणा असो.

एखाद्या दिवशी नाहीच जमलं तर, असं तिने विचारलं होतं.

"मग आदल्या दिवशी सगळे काढून ठेवायचे," काका म्हणाले. "त्यात चर्चा नाही, पोरी."

बंदुकीचंही तसंच. परवान्यासाठी दोन दिवसांचा वर्ग तिने केला होता, पण वर्गात जे सांगत नाहीत ते काकांनी सांगितलं. कुत्रं मागे लागलं की ससा सरळ लांब पळत नाही. मोठा फेरा घेतो आणि जिथून उठला तिथेच परत येतो. म्हणून नवख्याने कुत्र्यामागे धावू नये. ससा उठला त्या जागी उभं राहावं आणि ऐकावं. टिलीचं ओरडणं हे भुंकणं नव्हतंच, तो एक लांबवलेला घोगरा हेल होता. तो तळ्यापलीकडे जाऊन बारीक व्हायचा, मग वळायचा आणि वाढत वाढत यायचा. पहिला ससा लोरेटाने असाच टिपला. टिली मागून धावत आली, त्याला एकदा हुंगलं आणि पुन्हा रानात शिरली, जणू यात विशेष ते काय.

टिलीला फासांच्या वाटेवर नेऊ नकोस, असंही काकांनी बजावलं होतं. पण ती सकाळी मागोमाग यायची, शेपटी हलवायची, आणि एकटीने चालायला लोरेटाला आवडत नसे. खिशातून सॉसेजचा तुकडा काढून ती एकेका लाल फितीपाशी तिला भरवायची. कुणाला सांगायची नाही.

२

दहा दिवसांत बारा फासांत मिळून दोन ससे आले. वॉरन फोनवर हसायचा. "शिकारीण घरात आणि फ्रीजर उपाशी," म्हणायचा. चेष्टाच ती, पण लोरेटाला लागली. एका सशाने तार तोडून नेली तेव्हा तिने तारा दुहेरी पिळल्या आणि फासांची तोंडं मोठी केली. दोन मुठी जातील एवढी. काकांना बोलली नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी वॉरन आला. शुक्रवारी सकाळी ती उठायला लागली तेव्हा त्याने तिचा हात धरून ठेवला. ससे एक दिवस कुठे पळून जात नाहीत, म्हणाला. बाहेर धुकं होतं, पांघरूण उबदार होतं. ती पुन्हा आडवी झाली. शनिवारी ती कपडे वाळत घालत होती. रविवारी दोघं वॉरनच्या बहिणीकडे क्लॅरनव्हिलला जेवायला गेली.

सोमवारी ती फास बघायला गेली.

३

पहिले आठ फास रिकामे होते. नवव्याची लाल फीत लांबून दिसली आणि तिच्याखाली काहीतरी काळं-पांढरं दिसलं. लोरेटा तिथेच थांबली. कुठल्यातरी घरातून उडून आलेला टॉवेल असावा, असं तिने स्वतःला सांगितलं. घरं अर्ध्या मैलावर होती.

झाडाभोवतीचं शेवाळ गोल खरवडून निघालं होतं, खालची काळी माती उघडी पडली होती. मुळं कुरतडलेली. कमरेएवढ्या उंचीपर्यंत साल सोललेली. एकेरी तारेचा, मुठीएवढा फास असता तर ती तोडून सुटली असती. ही तार दुहेरी होती. ती तुटलीही नाही आणि पुरती आवळलीही गेली नाही.

लोरेटा गुडघ्यांवर बसली आणि टिलीच्या पोटाखाली हात घातला. तिथे अजून किंचित ऊब होती.

 मग गळ्यातली तार काढायला गेली, पण ती आत रुतली होती. शेवटी तिने पकडीने झाडापाशी तार तोडली. पलीकडे वादळात उन्मळलेलं एक झाड होतं. त्याच्या मुळांखालच्या पोकळीत तिने टिलीला ठेवलं आणि वर ओंजळी ओंजळींनी शेवाळ लोटलं. बाकीचे अकरा फास काढले. येताना वाटभर ती एकच वाक्य घोकत होती: काका, माझ्या हातून घात झाला. काका, माझ्या हातून घात झाला.

काका फाटकाशी उभे होते. हातात गळपट्ट्याची दोरी.

"टिली दिसली का गं तुला? शुक्रवारपासून पत्ता नाही. धक्क्याकडे कुत्रं दिसलं म्हणून कुणीतरी सांगितलं, मी सगळा किनारा पालथा घातला." मग जरा संकोचून म्हणाले, "आधीच विचारणार होतो. पण वॉरन आलेला, म्हटलं कशाला तुम्हाला त्रास."

लोरेटाने तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य तिथेच होतं, जिभेवर.

"नाही, काका," ती म्हणाली. "मी आज रानात गेलेच नव्हते."

४

एकदा खोटं बोललं की ते पोसावं लागतं. तीन दिवस लोरेटा काकांबरोबर हिंडली. मोठ्याने टिलीला हाका मारल्या. काका पुढे चालायचे, आणि ते उन्मळलेल्या झाडाच्या दिशेला वळले की ती म्हणायची, तिकडे मी पाहिलंय, आपण ओढ्याकडे जाऊ. ते विश्वासाने वळायचे. घरी येऊन तिने त्यांच्यासाठी काकवी घालून पाव भाजला. तो खाताना ते म्हणाले, अशी शेजारीण मिळायला नशीब लागतं. लोरेटाने त्यांना आणखी एक तुकडा वाढला.

गुरुवारी वॉरन गेला. कामावर एक माणूस कमी पडला म्हणून त्याला एक दिवस आधी बोलावलं होतं. त्यालाही तिने काही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला ती बादली घेऊन कपडे वाळत घालत होती. लांबून, तळ्यापलीकडून, एक हेल आला. घोगरा, लांबवलेला, शेवटी किंचित फाटणारा.

लोरेटाच्या हातातला चिमटा खाली पडला. दुसरं कुत्रं असेल, ती मनाशी म्हणाली. या किनाऱ्यावर बीगल काय एकच आहे? वाऱ्यावर पलीकडच्या गावातलं ऐकू येतं. आणि नसेलच काही, तर चोराच्या मनात चांदणं. चार रात्री झोप नाही, कान वाजणारच. तिने खाली वाकून चिमटा उचलला, धूळ झटकली आणि चादर दोरीवर टाकली. हेल पुन्हा आला. तो सरकत होता. तळ्याला वळसा घालून डावीकडे.

ती घरात शिरली आणि खिडकी लावून घेतली. पाठोपाठ दार वाजलं. काका होते, डोक्यावर टोपी नाही, पायात घरातल्या सपाता. एवढ्या वर्षांत तिने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

"ऐकलंस ना?"

ते फक्त आपल्यालाच ऐकू आलं असं नाही, याचा लोरेटाला क्षणभर आधार वाटला. मग टिलीवर आपणच लोटलेलं शेवाळ आठवलं.

५

शनिवारी ती खात्री करायला गेली. तिची बुद्धी शाबूत होती, आणि बुद्धी सांगत होती की एकच गोष्ट शक्य आहे: टिली मेली नव्हती. ऊब होती ना पोटाखाली. बेशुद्ध असेल. शुद्धीवर येऊन शेवाळ उकरून निघाली असेल, आता रानात भरकटत असेल. हे खरं असतं तर लोरेटाने देवाचे पाय धरले असते. चालता चालता ती तसंच पुटपुटत होती.

शेवाळ जसं लोटलं होतं तसंच होतं. वरची एक फांदीसुद्धा हललेली नव्हती. तिने हातमोजा काढला आणि शेवाळात कोपरापर्यंत हात घातला. आधी माती, मग ओले केस, मग थंडगार, लाकडासारखा झालेला पाय. तिने हात वर सरकवला. तारेचं टोक बोटात घुसलं.

आणि तिचा हात तिथे असताना, तळ्यापलीकडे हेल उठला.

तिने हात काढला नाही. काढताच आला नाही. थिजून ऐकत राहिली. आवाज ओढ्याच्या रेषेने खाली आला, कालच्यापेक्षा पुष्कळ जवळून. ही तिच्या डोक्यातली गोष्ट म्हणावी तर ओढ्यावरच्या रानकोंबड्या फडफडत उडाल्या होत्या, त्या तिने डोळ्यांनी पाहिल्या. ती उठली आणि घराकडे चालू लागली. पळायचं नाही असं तिने ठरवलं होतं. हेल डाव्या हाताला होता. ती थांबली की तोही थांबायचा. ती चालली की तोही चालायचा, तेवढंच अंतर राखून. लाकडांच्या खोपीपाशी येईपर्यंत ती पळत होती.

६

रविवारी पहाटे वर्षातलं पहिलं बर्फ पडलं. अकरा वाजता काका आले, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ बुटांवरचं बर्फ वितळताना बघत राहिले. परवाची चमक डोळ्यांत नव्हती. लोरेटाने चहा दिला.

ते सकाळी हेलाच्या मागावर गेले होते. आवाज अगदी समोरून गेला, म्हणाले, वीस पावलांवरून. ताजं बर्फ होतं, त्यावर चिमणीचा पायसुद्धा उमटला असता.

"कुत्र्याचा माग नाही. सशाचाही नाही. साठ वर्षं रानात काढली, असं कधी पाहिलं नाही." त्यांनी चहाचा कप टेबलावर फिरवला. "शुक्रवारी ती तळ्यापलीकडे होती. काल ओढ्यापाशी. आज तुझ्या लाकडांच्या खोपीमागून गेली. फेरा लहान होतोय, पोरी. आणि या फेऱ्याच्या आत एकच घर येतं."

आवाज डोंगरावर आपटून कुठूनही आल्यासारखा वाटतो, असं काहीतरी ती बोलली. ते मान डोलवत राहिले. त्यांचा सूर दुखावलेला नव्हता, रागाचाही नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. त्या क्षणी तिने सगळं ओकून टाकलं असतं. पण तेच उठले. दाराशी थांबून, तिच्याकडे न बघता म्हणाले, उद्या दहाला तयार राहा. बंदूक नको. नुसतं उभं राहायचंय.

७

सोमवारी ढग खाली आले होते, वारा नव्हता. काका पुढे, ती मागे. त्यांनी वाट विचारली नाही. ओढा ओलांडून ते उजवीकडे वळले, तीन दिवस तिने त्यांना जिकडे जाऊ दिलं नव्हतं तिकडेच. झाडामागून झाड जात होतं. अखेर ते थांबले त्या झाडाला लाल फीत होती. गडबडीत ती सोडायची राहिली होती. सोललेल्या सालीच्या खाचांत बर्फ अडकलं होतं.

काकांनी फितीकडे पाहिलं, सालीकडे पाहिलं. फितीचं टोक दोन बोटांत धरून सोडून दिलं.

"इथे उभी राहा," ते म्हणाले. "जागची हलू नकोस."

ते स्वतः चार पावलांवर उभे राहिले.  मग तळ्याकडून हेल उठला.

या खेपेला त्याने मोठा वळसा घेतला नाही. दोनदा आवाज झाला, आणि तिसऱ्यांदा तो झाडीच्या पलीकडेच होता, इतका जवळ की तो छातीत वाजला. मग बंद झाला.  समोरच्या फरच्या खालच्या फांद्यांवरून बर्फ ओघळलं. एका झाडाचं, मग त्याच्या अलीकडच्या झाडाचं, मग त्याच्याही अलीकडच्या. गुडघ्याच्या उंचीवरून. फांद्यांमागे कुणी नव्हतं. मोकळ्या जागेत कुणी नव्हतं. तिथून जलद, ओलसर धापा मात्र ऐकू येत होत्या.

काका सावकाश गुडघ्यांवर बसले. हातमोजे काढले. उजवा हात त्यांनी पुढे धरला, तळवा वर. थोडा वेळ तसाच धरला. मग तो हात उलटा झाला, वर उचलला गेला आणि गोलाकार मागे सरकला, आणि त्या तळव्याखाली लोरेटाला क्षणभर एक कान दिसला. हाताखाली चपटा झालेला, तांबूस, कडेला चिखल वाळलेला कान. बस, तेवढंच. पुन्हा पाहिलं तर हात होता आणि बर्फ होतं.

हात मानेपर्यंत गेला आणि थांबला. काकांची ती वाकडी बोटं हवेत काहीतरी चाचपू लागली, हळूहळू, भोवतीभोवती, एकाच जागी पुन्हा पुन्हा. त्यांचा श्वास लागला होता. शेवटी बोटं थबकली.

"किती दिवस होती, लोरेटा?"

इतके दिवस ते तिला पोरी म्हणत आले होते.

"तीन."

"हाका मारल्या असतील तिने."

रान इतकं शांत होतं की नाही म्हणायला जागाच नव्हती. शनिवारची ती सकाळ लोरेटासमोर उभी राहिली. दोरीवरची ओली चादर, आणि रानातून आलेला आवाज. तो सरकत नव्हता. एकाच जागेवरून येत होता, मधेच कापल्यासारखा तुटत होता. महिनाभर टिलीचा हेल ऐकून तयार झालेल्या तिच्या कानांना तेव्हाच कळलं होतं की हा पाठलागाचा आवाज नाही. तिने दातांत चिमटा धरला होता, चादर झटकली होती. वॉरनने आतून सांगितलं होतं, अंडी थंड होतायत. आणि ती आत गेली होती. ही गोष्ट तिने स्वतःलाही सांगितली नव्हती.

"मारल्या होत्या," ती म्हणाली. "मी ऐकल्या."

काकांनी मान हलवली, जणू हिशेब कुठेतरी जुळला. झाडाचा आधार घेऊन उठले, गुडघ्यांवरचं बर्फ झटकलं. डोळे पुसले नाहीत.

"चल, टिली," ते म्हणाले. "घरी चल, बाळा."

ते चालू लागले. त्यांच्या बुटांखाली बर्फ करकरत होतं, मग कमी करकरू लागलं. धापा त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. वाटेच्या वळणावर काका थांबले, मागे बघून पुन्हा एकदा हाक मारली. थोडा वेळ वाट पाहिली. मग तसेच निघून गेले.

लोरेटाच्या डाव्या गुडघ्याशी, पँटच्या कापडातून, ऊब लागत होती. श्वास आत, श्वास बाहेर. तिने खाली पाहिलं नाही. एक पाऊल टाकलं. ऊब सरकली. ती थांबली, तर तीही थांबली. तिने माफी मागितली, नाव घेऊन मागितली, रडली. धापा तशाच चालू होत्या. त्यांत राग नव्हता. उशिरा का होईना, हाकेला आली ती आली, एवढंच जणू.

परतायला तिला तास लागला. काका आपल्या पायरीवर बसले होते, घराचं दार सताड उघडं टाकून, आतली शेगडीची ऊब वाया घालवत. लोरेटा त्यांच्या फाटकापाशी पोचली तशी ती मुद्दाम रेंगाळली. जा, टिली, ती हलकेच म्हणाली. जा ना. काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यांची नजर तिच्या गुडघ्याशी होती. ती नजर तिच्याबरोबर फाटकावरून हळूहळू पुढे सरकली. मग त्यांनी उठून दार लावून घेतलं.

लोरेटाने आपल्या पडवीच्या तीन पायऱ्या चढून कुलूप काढलं. दार उघडून ती उंबऱ्यात उभी राहिली. पाठीमागून थंडी आत शिरत होती, पडदा हलत होता. बराच वेळ गेला. मग ती बाजूला सरकली आणि दार धरून ठेवलं.